पाय कुणी ओढला

आबा, तो पाय तुम्ही ओढलाच नव्हता. हे मला आत्ता कळलं, इतक्या वर्षांनी, चिकलठाण्याकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात, शेळीचं मागचं खूर एका तरुण डॉक्टरणीच्या हातात असताना. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. शाळेत जाते, फळा पुसते, हजेरी घेते, मायला वेळेवर गोळी देते, सगळं करते. पण कुणीतरी फाडकन कानाखाली वाजवावी आणि कान बधिर व्हावा, तशी झालेय. कुणाला सांगावं म्हटलं तर घरात एकच माणूस, माय, आणि तिला तर हे कळूच द्यायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याच पायाची गोष्ट आहे, तुम्हाला तरी ठाऊक असावी.

आधी शेळीचं सांगते. तुम्ही गेल्यावर मेंढरं काकांकडं गेली आणि मायला मी पिशोरहून इकडं बजाजनगरला माझ्याजवळ आणलं. पण माय जनावराशिवाय राहते होय? रो-हाऊसच्या मागं, जिथं लोक वॉशिंग मशीन ठेवतात, तिथं तिनं शेळी बांधली. शेजारचे कंपनीवाले नाकाला रुमाल लावून जायचे. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला थांबवून म्हटलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, शाळेत सायन्स शिकवता, आणि घरी शेळी?" मी म्हटलं, "तुमचं कुत्रं सोफ्यावर झोपतं, आमची शेळी बाहेर झोपते. घाण कुणाकडं जास्त ते तुम्हीच सांगा." तुमचीच लेक आहे मी, तोंडाला लगाम नाही. तर ही शेळी मायनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिला ती "बाई" म्हणते. सकाळी चहा करताना माझ्याशी कमी आणि बाईशी जास्त बोलते. बाई उत्तरही देते, म्हणजे माय विचारते आणि ती ओरडते, आणि माय म्हणते, "बघ, हिला पटलं, तुलाच पटत नाय."

एक दिवस पाण्याचे जार देणारा टेम्पो गल्लीत रिव्हर्स घेत होता. बाई कशी कोण जाणे सुटली होती, ती भिंत आणि टेम्पो यांच्यात सापडली. ओरडलीसुद्धा नाही. टेम्पो पुढं गेला तेव्हा पुढचे दोन पाय उभे राहिले आणि मागचं अंग फरशीवर तसंच पडून राहिलं, ओल्या पोत्यासारखं. मायनं "या बया!" म्हणून जी बसकण मारली ती उठेचना. शेवटी दोघींनी मिळून बाईला चादरीत घातलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षावाला म्हणतो कसा, "अम्मा, इसको दवाखाने कायकू लेके जारे? खाटीक के पास लेके जाव ना." माय म्हणाली, "तुझ्या बापाला ने खाटकाकडं. गाडी हाक." तो हसला बिचारा, आणि मग मात्र सगळं शहर ओलांडून, खड्डा आला की हळू करत, अगदी बाळंतिणीला न्यावं तसं घेऊन गेला.

डॉक्टरणीनं पाठीवरून हात फिरवला, शेपूट उचलून पाहिली, मग मोठा चिमटा घेऊन मागच्या खुराच्या बेचक्यात दाबला. आणि आबा, त्या मेल्या पायानं झटका दिला. गुडघ्यात, खुब्यात दुमडून सरळ पोटाशी गेला. माय ओरडलीच, "वढला! वढला की गं पाय! जीव हाय!" डॉक्टरीण काही बोलायच्या आत माय पुढं झाली, तो पाय दोन्ही हातांत धरला, वाकून कपाळ टेकवलं आणि विचारलं, "घरला यायचं का बाई?" हात लागला तसा पाय पुन्हा वर गेला. मायच्या डोळ्यांत पाणी. माझ्याकडं वळून म्हणते, "कौल दिला. तुझ्या आबावानी." आणि लगेच पदर खोचून रिक्षा थांबवायला बाहेर पळाली. तिला वाटलं, दवाखान्यातलं काम झालं.

तुझ्या आबावानी. आता त्या दिवसाचं तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण तुम्ही तिथं होतात आणि नव्हतातही. तुम्ही अंगणात पडलात, मेंदूत रक्त फुटलं, आम्ही तुम्हाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. काही दिवस गेले आणि एका सकाळी डॉक्टरनं आम्हाला तिघांना आत बोलावलं: माय, काका आणि मी. तुमच्या तोंडात नळी, छाती मशीनच्या तालावर वरखाली. डॉक्टर म्हणाला, मेंदूचं काम संपलंय, आता श्वास मशीनच घेतंय, इथं ठेवायचं का घरी न्यायचं हे तुम्ही ठरवा. काकांनी मायकडं बघितलं, मायनं माझ्याकडं, मी भिंतीकडं. असलं कोण ठरवणार हो? मग माय पायथ्याशी गेली. पांघरूण सारलं. तुमचे तळवे गार पडले होते, ते हातात घेतले, अंगठ्यानं टाचेकडून बोटांकडं चोळले, कपाळ टेकवलं आणि विचारलं, "अहो, घरला न्यावं का?"

आणि पाय वर आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. अंगठा वर झाला, घोटा वळला, गुडघा दुमडला, चादरीचा तंबू झाला. इतके दिवस पापणी न हललेला माणूस, आणि पाय असा ओढून घेतला! काकांचा आवाज फुटला, "कौल दिला! दादानं कौल दिला!" आम्ही तिघांनी हात जोडले. दवाखान्याच्या त्या पांढऱ्या खोलीत, मशीनच्या टूंटूंमध्ये, आम्ही हात जोडून उभे. मला आठवतंय, डॉक्टरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मायकडं पाहिलं आणि मिटलं. तेव्हा मला वाटलं, त्यालाही भरून आलं असेल. ॲम्ब्युलन्स केली, तुम्हाला पिशोरला नेलं, पत्र्याच्या सावलीत बाज टाकली, नळी काढली, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत तुम्ही गेलात.

मायनं त्या पायावर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. कुणी भेटायला आलं, कुणाच्या घरी कुणी गेलं, की ती सांगते, "आमचे हे सोता सांगून गेले. घरला न्या म्हणाले." म्हणाले! तुम्ही काही म्हणाला नव्हतात, पण सांगून सांगून तिच्या तोंडी ते शब्दच झाले. दुसऱ्या बायांना रात्र रात्र खातं की आपण नवऱ्याला लवकर आणलं का, अजून ठेवलं असतं तर काय झालं असतं. मायला ते कधीच खाल्लं नाही. मलाही नाही. आम्ही ठरवलंच नव्हतं ना, तुम्ही ठरवलं होतं. या एका गोष्टीमुळं आमच्या घरात तुमचं नाव निघालं की कुणी रडत नाही, चहा ठेवतो.

तर माय रिक्षा थांबवायला बाहेर गेलेली, आणि डॉक्टरीण हळूच मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी समजून घ्या. पाय शेळीनं नाही ओढला. कण्यानं ओढला. शेळीला पत्ताच नाही." मला कळेना. ती म्हणाली, "पाय बघू नका, तोंड बघा." पुन्हा चिमटा दाबला. पाय झटक्यात पोटाशी, आणि तोंड? बाई निवांत रवंथ करत होती. कान हलला नाही, डोळा फिरला नाही, जबडा एका लयीत चालू. मग डॉक्टरणीनं तोच चिमटा पुढच्या पायाला लावला. बाई बें करून ओरडली, मान वळवली, तिला शिंग मारायला गेली. "हे तिला कळलं," डॉक्टरीण म्हणाली. "पाठ मधेच तुटलीय. मागचा निरोप डोक्यापर्यंत पोचतच नाही. कण्यातल्या कण्यात वळून परत येतो आणि पाय ओढतो." मी विचारलं, का विचारलं कोण जाणे, "आणि माणसाचं?" ती हातमोजे काढत म्हणाली, "कण्याला काय माहीत तो शेळीचा आहे का माणसाचा? डोकं पार गेलं तरी कणा आपलं काम करत राहतो, काही दिवस. तळव्याला हात लावा, पाय ओढतो. नातेवाईकांना वाटतं शुद्ध आली." मी तिथल्या स्टुलावर बसले. बाहेर माय रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती, तिचा आवाज आत येत होता.

आबा, ती काय म्हणाली ते कळतंय ना तुम्हाला? मायनं "घरला न्यावं का" विचारलं म्हणून पाय आला. "इथंच ठेवावं का" विचारलं असतं तरी आला असता! "परसातली बाभळ तोडावी का" विचारलं असतं तरी आला असता. काहीच न विचारता गार पायाला नुसता हात लागला असता तरी आला असता. आम्ही तुम्हाला एकच प्रश्न विचारला, आणि असा विचारला की त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. पाय न ओढणं तुमच्या हातात नव्हतं. तुम्ही तिथं होतात की आधीच गेला होतात, हेही मला ठाऊक नाही. अरे देवा, आणि आम्ही हात जोडले!

आणि कौल म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगावं? आपल्या भावकीत देवाच्या बोकडावर पाणी टाकायचा मान तुमचा. कपाळाला हळद लावायची, पाठीवर पाणी टाकायचं, सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बोकडानं अंग झाडलं की त्याचा होकार, नाही झाडलं तर सुरी उचलायची नाही. तो तपकिरी बोकड आठवतो का? मी शाळेत होते. तुम्ही पाणी टाकलं, तो आपला उभा. पुन्हा टाकलं, तरी उभा, उलट पानं हुंगत बसला. मांडवात बाया मसाला वाटून तयार, पाहुणे कन्नडहून आलेले, सगळे ओरडायला लागले, "कानात टाका, कानात!" आणि तुम्ही तांब्या खाली ठेवलात. म्हणालात, "कानात पाणी घातल्यावर कुणीबी झाडंल. त्यो कौल नाय, जुलूम हाय." दोरी धरली आणि बोकड घेऊन सरळ घरी. काका रुसून गेले ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मायनं त्या सगळ्या मटणाच्या आशेनं आलेल्या लोकांना पिठलं-भाकरी वाढली, आणि वाढताना तुमच्याकडं असं बघत होती की वाटलं आज बोकडाऐवजी तुमचाच नंबर लागतो. तुम्ही चुलीपाशी बसून हसत होतात. पिठल्यावर अजून एक कांदा मागितलात. तो बोकड म्हातारा होऊन मेला.

म्हणजे बोकडाला नाही म्हणता येत होतं, आबा, आणि तुम्ही ते ऐकलंत. तुमच्या वेळी आम्ही कानात पाणी घातलं. मायनं जाणून नाही घातलं, गार तळवे तिनं मायेनं चोळले, पाया पडायच्या रीतीनं हात लावला. पण नेमका तोच हात, नेमकी तीच जागा. डॉक्टरणीनं मला नंतर सांगितलं, तळव्यावरून खालून वर अंगठा ओढणं ही तपासायची पद्धतच आहे. बाकी कुठल्या घरात बायको नवऱ्याला असं विचारते? कुणी हात धरला असता, कुणी कानाशी बोललं असतं. आपल्यात कौल लावतात, म्हणून आपणच फसलो. हे सुचलं तेव्हा मी भाजी चिरत होते, तशीच हातात सुरी धरून किती वेळ उभी होते. मायनं हटकलं, "काय गं, भूत बघितलंस का?"

आणखी एक ऐका, म्हणजे तुमची लेक किती हुशार ते कळेल. प्रतिक्षिप्त क्रिया मी दरवर्षी नववीला शिकवते. गरम तव्याला बोट लागलं की चटका कळायच्या आधी हात मागं येतो. फळ्यावर हात काढते, मेरुरज्जू काढते, हातापासून मेरुरज्जूपर्यंत एक बाण, तिथून परत हाताकडं दुसरा बाण. मुलांना ओरडून सांगते, "बाण मेंदूकडं नेऊ नका रे गाढवांनो, मार्क जातील!" त्याच आठवड्यात तो धडा आला. आकृती काढली, बाण काढले, आणि तिथंच थांबले. बाण डोक्यापर्यंत जातच नाही. माझ्याच हातानं, माझ्याच खडूनं, इतक्या वर्षांत कितीदा तुमचा पाय काढला असेन मी त्या फळ्यावर, आणि एकदाही ओळखला नाही! पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पाल मेल्यावर शेपटी हलते ती पण हीच का?" मी "हो" म्हणाले आणि त्यांना वहीत आकृती काढायला लावून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बाईला आम्ही त्या दिवशी घरीच आणलं होतं. मला वाटत होतं, तिचे पाय हळूहळू थंड पडतील आणि मायला आपोआप उमगेल. झालं उलटंच. माय सकाळ-संध्याकाळ तेल लावून पाय चोळायची आणि पाय दिवसेंदिवस जास्तच जोरात झटकायला लागला. आधी चिमटा लागायचा, मग बोट पुरायला लागलं, मग नुसतं फडकं घासलं तरी लाथ. माय हरखून जायची. "जोर येतोय गं! पोळ्यापर्यंत पळंल बघ." मी मागच्या खोलीत जाऊन डॉक्टरणीला फोन केला. म्हटलं, तुम्ही म्हणता पाठ तुटली, मग हा जोर कुठून येतो? ती म्हणाली, "मॅडम, मेंदू फक्त 'पाय हलव' म्हणून सांगत नसतो. बराचसा वेळ तो कण्याला 'गप बस' सांगत असतो. चालताना, उभं राहताना, गवताची काडी टोचली तरी पाय ओढू नको, तोल जाईल, असं वरून सारखं दाबून धरतो. ते दाबून धरणारंच तुटलं, की कणा मोकाट सुटतो." हे मला शिक्षिकेला बरोबर समजलं. मास्तर वर्गाबाहेर गेला की वर्ग गप्प होत नाही, वर्ग उसळतो. मायला जो जोर वाटत होता, तो वर कुणीच नसल्याचा जोर होता. तुमच्या पायाचा झटकाही मला तेव्हा केवढा दांडगा वाटला होता. इतका दांडगा, की शंकेला जागाच राहिली नाही.

फोनवरच डॉक्टरीण म्हणाली, आठवडाभर बघा, मग मी येते, पण तोपर्यंत आईंची तयारी करा. शेळीला लघवी सुद्धा स्वतःहून होत नाही, जखमा होतील, सडेल, तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणंच बरं. तयारी करा! सांगायला सोपं. बाईचा पाय बाई ओढत नाही हे मायला सांगायचं, तर मग तुमचा पाय कुणी ओढला हे ती विचारणारच. माय अडाणी आहे, मठ्ठ नाही. आणि नाही सांगितलं, तर कौल मिळालाय म्हणून ती बाईला मरेपर्यंत तसंच सडत ठेवणार, वर मायेनं. एकीला सोडवायचं तर दुसरीची झोप घ्यायची. मी रोज शाळेतून येताना ठरवायचे, आज बोलायचं, आणि दारात माय म्हणायची, "आज तर हिनं अशी लाथ मारली," की मी पिशवी ठेवायला आत निघून जायचे.

शेवटी विषय मायनंच काढला. रविवारची सकाळ होती. बाई मागचं धड ओढत फरशीवरून सरकायची, त्यानं एका खुराच्या वरचं कातडं घासून गेलं होतं. माय कडुलिंबाच्या पाण्यानं ते धूत होती. आत पांढरं दिसत होतं, हाड का काय, मला बघवेना. आणि बाई समोरचा सुबाभळीचा पाला मजेत ओरबाडत होती. माय धुता धुता थांबली. म्हणाली, "हिला दुखत कसं नाय गं? पाय तर वढती." मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याजवळ फरशीवर बसले. म्हटलं, "माय, पाय ती वढत नाय. तिला ठावंच नाय तिला पाय हाय म्हणून." आणि सगळं सांगितलं, जमेल तसं, कणा, निरोप, डोकं.  मग तिनं स्वतःच ओल्या बोटानं जखमेवर दाबलं, पाय सोडून दिला आणि बाईच्या तोंडाकडं बघत राहिली. पाय झटकला. तोंड पाला चावत होतं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिचा हात पाण्याच्या भांड्यात तसाच राहिला. आणि आबा, तिनं वर बघितलं ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. रडणं नव्हतं, राग नव्हता. आपण उभे आहोत ती जमीनच नाही असं अचानक कळलेल्या माणसाचं तोंड. म्हणाली, "मंग ह्यांचा?"

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "आबांचं वेगळं, माय. आबांची पाठ कुठं तुटली होती? डोक्यात थोडी शुद्ध होती त्यांना. त्या डॉक्टरनं मला तवाच बाहेर बोलवून सांगितलं होतं, ह्यांना ऐकू येतंय म्हणून." मी बोलत होते आणि माझंच मला ऐकू येत होतं, एकदम स्वच्छ, वर्गात बोलते तसं. माय माझ्याकडं बघत राहिली. "मला कधी सांगितलं नाहीस." म्हटलं, "तुला ठावंच होतं की, सांगायचं काय?" ती म्हणाली, "व्हय. तू मास्तरीण हायेस, तुला कळतं." मग "बरं" म्हणाली. हात धुतले, पदराला पुसले. "त्या डॉक्टरणीला फोन लाव."

डॉक्टरीण दुपारी आली. माय या वेळी पायाशी नाही बसली, डोक्याशी बसली, बाईची मान मांडीवर घेतली. मला वाटलं ती काही विचारेल. तिनं काही विचारलं नाही. कपाळावरून हात फिरवत नुसतं सांगत राहिली, "झालं बाई. झालं आता. जा." इंजेक्शननं बाईचे डोळे हळूहळू जड झाले आणि माय तिच्या तोंडाकडंच बघत होती, शेवटपर्यंत. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "ह्या बारीला म्या कुणाला इचारलं नाय." भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवली. 

मला वाटलं सुटले. पण काल शेजारची बाई शेळीचं ऐकून बसायला आली. नाकाला रुमाल लावून जाणाऱ्यांतलीच एक. तिचा नवरा मागच्याच वर्षी दवाखान्यात मशीनवर होता, तिथंच वारला, आणि ती रडून सांगत होती की अजून ठेवायला पाहिजे होतं का काय. अशा वेळी माय नेहमी सुरू करते, तुम्हाला मी सांगितलंच. तिनं सुरू केलं, "आमचे हे..." आणि थांबली. माझ्याकडं वळली. म्हणाली, "तूच सांग. तुला डॉक्टरनं सांगितलं होतं नं." ती टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होती, आबा, अगदी बाईच्या तोंडाकडं बघितलं तशी. मी सांगितलं. सगळं सांगितलं, तळवे, चादर, काका, कौल, डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं ते. नव्हतं तेही सांगितलं, नीट, क्रमानं. मायनं मान हलवली. शेजारच्या बाईनं डोळे पुसले. आता इथून पुढं हे मलाच सांगावं लागणार.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं बोलून टाकते. विज्ञान शिकवते मी, कण्यातला बाण मला झोपेतही काढता येतो. पण काल सांगता सांगता पाय वर आला तिथं पोचले, आणि तेवढा वेळ मला खात्री होती की तो तुम्हीच ओढला.